दोन शैक्षणिक कर्जं एक करावीत का? हप्ता नव्हे, व्याज मोजा

बी.ई. सोलापुरात सरकारी बँकेच्या कर्जावर, पुढचं एम.बी.ए. पुण्यात फायनान्स कंपनीच्या कर्जावर, असं आपल्याकडे बऱ्याच घरांत असतं. नोकरी लागली की दोन हप्ते सुरू होतात आणि फोनही येऊ लागतात: "सगळं आमच्याकडे आणा, हप्ता निम्म्यावर आणतो." हो म्हणण्याआधी एवढं करा.

१. दोन्हीकडून कर्जखात्याचा उतारा घ्या. बाकी, व्याजदर, दर फ्लोटिंग (बदलता) की फिक्स्ड (कायम तोच), उरलेले हप्ते लिहून काढा. शिकत असतानाचं व्याज मुद्दलात चढलंय का, तेही पाहा. सरकारी व्याज सबसिडी यायची असेल, तर ती जमा होईपर्यंत खातं हलवू नका.

२. आता खरा हिशोब. समजा बाकी ६ लाख, दर ११.५ टक्के, मुदत ७ वर्षं. हप्ता साधारण १०,४३० रुपये, एकूण व्याज पावणेतीन लाखांच्या आसपास. नवी बँक ९.५ टक्क्यांनी देते म्हणाली आणि मुदत तीच ठेवली, तर हप्ता ९,८१० च्या घरात येतो, व्याजात पन्नासेक हजार वाचतात. पण तोच दर १२ वर्षांवर नेला, की हप्ता ७,००० वर येतो आणि व्याज जातं चार लाखांच्या वर! दर कमी, हप्ता कमी, तरी सव्वा लाखाचा फटका. फोनवरचा माणूस हे सांगत नाही.

३. महाग कर्ज तेवढंच हलवा. सरकारी बँकेचं स्वस्त कर्ज आहे तिथे राहू द्या. दोन तारखा सांभाळणं काही एवढं अवघड नाही.

४. खर्च धरा: प्रोसेसिंग फी आणि घर तारण असेल तर नव्याने मुद्रांक शुल्क, वकिलाची फी. फ्लोटिंग दराचं कर्ज मुदतीआधी फेडल्यास वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फिक्स्ड असेल तर करारपत्र वाचा.

५. पर्सनल लोन काढून ही कर्जं फेडू नका. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर ८ वर्षं वजावट मिळते, ज्याला आपण ८०ई म्हणत आलो. ती पर्सनल लोनवर नाही. नव्या प्रणालीत असाल तर हा मुद्दाच सोडा.

६. नव्या बँकेचं मंजुरीपत्र हातात आलं, की ते घेऊन आधी जुन्याच शाखेत जा आणि दर कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका. कधी कधी तिथेच काम होतं.

७. तरीही हलवायचं ठरलं, तर 'नो ड्यूज', म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, मिळेपर्यंत जुना हप्ता थांबवू नका. एक हप्ता चुकला तरी सहकर्जदार म्हणून वडिलांचाही सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) बिघडतो. जुळे सोलापुरातल्या घराचे कागद तारण असतील, तर पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत ते परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते.