पर्लच्या कॉलबॅकमध्ये एक्सएमएल हाताळताना या चुका टाळा

बेळगावात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या स्क्रिप्टमध्ये एकच चूक वर्षानुवर्षे बघतोय. एक्सएमएल::पार्सर हे पर्लचं एक्सएमएल फाइल वाचणारं मॉड्यूल. वाचताना टॅग किंवा मजकूर लागला की ते आपण लिहिलेलं फंक्शन बोलावतं, तोच कॉलबॅक किंवा हँडलर. मजकुरासाठीच्या कॅरेक्टर कॉलबॅकला टॅगमधला सगळा मजकूर एका दमात मिळतो, असं ती धरून चालतात. तसं होत नाही. त्याच्या आतली फाइल वाचणारी लायब्ररी, एक्सपॅट, मजकूर तुकड्यातुकड्यांनी पाठवते. नवी ओळ आली की वेगळा तुकडा, ‘&’ची एंटिटी (खास चिन्हासाठीचा संकेत) आली की वेगळा, बफर (एका वेळी वाचलेला भाग) संपला तर शब्दाच्या मध्येच.

निपाणीच्या एका व्यापाऱ्याला दिवाळीआधी गिऱ्हाइकांच्या पाकिटांवर पत्ते छापून हवे होते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्या मुलाने तुकडे जोडायच्या ऐवजी नुसतं बरोबरचं चिन्ह टाकलं, त्यामुळे प्रत्येक वेळी शेवटचा तुकडा तेवढा उरला. ‘अमुक & सन्स’चं ‘सन्स’ झालं. तीन ओळींच्या पत्त्यातून गाव गेलं, तालुका गेला, राहिलं ‘जि. बेळगाव’. चाचणीच्या फाइलीत सगळी साधी, एकओळी नावं होती, म्हणून तिथं काहीच कळलं नाही. रात्रभर बसून आम्ही पाकिटं हाताने लिहिली.

माझी सवय ठरलेली आहे. टॅग उघडताना चालणाऱ्या स्टार्ट हँडलरमध्ये व्हेरिएबल रिकामं करायचं, कॅरेक्टर हँडलरमध्ये फक्त जोडत जायचं, वापर टॅग बंद होताना चालणाऱ्या एंड हँडलरमध्येच. चाचणीच्या फाइलीत एक ‘&’ आणि एक तीन ओळींचा पत्ता असल्याशिवाय मी स्क्रिप्ट हातावेगळी करत नाही.

आता एक्सएमएल::ट्विग, म्हणजे एक्सएमएलचं झाड मेमरीत बांधून देणारं दुसरं मॉड्यूल. मेमरी वाचवायला पर्ज वापरा हे खरं, पण कुठं वापरता ते बघा की! पर्ज तोवर पूर्ण वाचलेले सगळे नोड (टॅग आणि त्यातला मजकूर) मेमरीतून काढून टाकतं. मुलाचा, म्हणजे आतल्या टॅगचा, हँडलर पालकाच्या, म्हणजे बाहेरच्या टॅगच्या, हँडलरआधी चालतो. मुलाच्या हँडलरमध्ये पर्ज केलंत तर पालकाच्या हँडलरला आतले टॅग सापडणारच नाहीत. पर्ज एका पूर्ण नोंदीच्या हँडलरमध्ये, अगदी शेवटच्या ओळीवर. नोड अ‍ॅरेत साठवू नका, त्यातला मजकूर काढून घ्या.

ट्विगच्या हँडलरला पहिलं येतं ते ट्विग (अख्खं झाड), नोड दुसरा.

ट्विगच्या स्टार्ट-टॅग हँडलरमध्ये अ‍ॅट्रिब्यूट (टॅगच्या आत लिहिलेली माहिती) मिळतात, आतला मजकूर अजून आलेला नसतो.

घाईची पोरं हे सगळं टाळायला रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातला नमुना शोधून) टॅग कापतात. एका कॉमेंटमध्ये तोच टॅग आला की नको ती नोंद हाती येते. मी ती स्क्रिप्ट तपासत नाही, परत देतो.

मराठी-कन्नड नावं छापताना ‘वाइड कॅरेक्टर’ची सूचना आली तर आउटपुटला पर्लच्या बिनमोड फंक्शनने यूटीएफ-८चा थर एकदाच लावा. त्यावर पुन्हा हाताने एन्कोड केलंत तर दोन्ही लिप्यांचा चिखल होतो.