नानांसाठी जागा बघताना: दुपारी चार वाजता जा

सगळीकडे सकाळी अकराला बोलावतात. स्मृतिभ्रंश झालेल्या नानांना ठेवण्यासाठी मी इंदुरातली म्हाताऱ्यांना सांभाळणारी चार ठिकाणं बघितली, चौघांनीही अकराचीच वेळ दिली. तोवर सगळ्यांच्या आंघोळी आटोपलेल्या असतात, केसांना तेल लागलेलं असतं, टीव्हीवर भजन चालू असतं. अकरा वाजता आमचे नानाही अगदी शहाण्यासारखे वागतात. खरी परीक्षा चारला सुरू होते.

नाना म्हणजे माझे सासरे. इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर (मुकादम) होते. मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली, नानांची दुसरी पाळी मात्र अजून चालू आहे. दिवस कलला की डबा मागतात, चपला शोधतात, दाराची कडी काढतात. अडवलं तर हात उगारतात. स्मृतिभ्रंशात संध्याकाळकडे अशी घालमेल वाढते, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. तेव्हा आधी आठवडाभर वहीत लिहून काढा, आपल्या माणसाची सगळ्यांत अवघड वेळ कोणती. मग जागा बघायला त्याच वेळेला जा, आणि न सांगता जा. दारातूनच परत लावलं तर तुमचा एक दिवस वाचला.

गेल्यावर खोल्या बघत फिरू नका, एका जागी तासभर बसा. बायपासकडच्या एका ठिकाणी चार वाजता सगळे ओळीनं आडवे होते. "आराम कर रहे हैं." साडेपाचलाही तेच. दुसरीकडे एक आजी फाटकाशी येऊन घरी जायचं म्हणून रडत होत्या. तिथल्या मुलीनं त्यांना ओढलं नाही, "आपका घर तो यही है" असलं काही ऐकवलंही नाही. हात धरून फाटकापासून विहिरीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या, मुलं किती, गाव कुठलं विचारत राहिली, आणि तिसऱ्या फेरीत चहाच्या टेबलाशी आणून बसवलं. त्या इमारतीचा रंग उडालेला होता. तरी मी वहीत पहिली खूण तिथेच केली.

आडव्या ओळींचं मला आता लगेच कळतं, कारण पहिल्यांदा आम्ही फसलो होतो. जिथे नानांना आधी ठेवलं (नाव लिहीत नाही), तिथून फोन यायचा, "दादाजी एकदम शांत हैं." आम्ही खूश. पंधरा दिवसांनी गेले तर मान छातीवर, तोंडाला लाळ, घास तोंडात तसाच. झोपेची आणि मन शांत करण्याची अशा दोन गोळ्या संध्याकाळी साडेसहालाच द्यायचे, आम्हाला न विचारता. या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे अँटिसायकोटिक गोळ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ सालीच दिलेला आहे. कधीकधी त्या लागतातही, पण ते डॉक्टरनं ठरवायचं आणि घरच्यांना सांगून. म्हणून विचारा: नवी गोळी कोण सुरू करतं? आम्हाला आधी कळवाल का? लेखी द्याल का? आणि माणूस एकाएकी जास्तच बरळायला लागला, तर गोळी वाढवण्याआधी लघवी तपासता का? म्हाताऱ्यांत लघवीचा संसर्ग कधीकधी आधी डोक्यातच दिसतो. या प्रश्नावर मॅनेजरचा चेहरा बघा.

आता भाषा. आपण म्हणतो, इंदुरात जन्म गेला, हिंदीची काय अडचण? पण या आजारात अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते. नानांचं सगळं आयुष्य मिलमध्ये हिंदीत गेलं, आता दिवस कलला की त्यांना फक्त मराठी येते. जानेवारीत खिडकीतून तिरीप डोळ्यांवर येत होती म्हणून ते म्हणत होते, "ऊन लागतंय, ऊन लागतंय." हिंदीत ऊन म्हणजे लोकर, तिथल्या पोऱ्याला वाटलं लोकर टोचतेय. त्यानं स्वेटर काढून घेतला! पोऱ्या भला होता, चूक कुणाचीच नव्हती. मी मग वीस शब्दांची यादी देवनागरीत लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवली: ऊन म्हणजे धूप, ताट म्हणजे थाली, दुखतंय, नको, पुरे, शू. यादीखाली एक ओळ: "पाळी" म्हणाले तर मिलची शिफ्ट, "अभी भोंगा नहीं बजा, चाय पी लो" असं सांगायचं. अशी यादी लावू देत नसतील तर तिथे ठेवू नका. आमच्या एका ठिकाणी "दीवार खराब होगी" म्हणाले होते.

संडास-न्हाणीघर स्वतः आत जाऊन बघा. कडी बाहेरून उघडते का, धरायला दांडी आहे का. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कमोड अशा माणसांना नीट दिसत नाही, मग ते बाजूला बसतात आणि पडतात. चकचकीत फरशी नानांना पाणी वाटते, काळं पायपुसणं खड्डा वाटतं, तिथे त्यांचा पाय उचलत नाही. मुख्य दाराला कुलूप असणारच, किल्ली रात्री कुणाच्या कमरेला असते ते विचारा. आग लागली तर ती व्यक्ती कुठे झोपलेली असेल?

रात्रीचं तोंडी विचारू नका, ड्युटी रजिस्टर मागा. तीस माणसांमागे एक जण असेल तर तो फक्त फाटक सांभाळतो. आणि "शेवटचं कोण पडलं, केव्हा, मग काय केलंत?" हे जरूर विचारा. "हमारे यहाँ कोई नहीं गिरता" म्हणाले, की मी वही मिटते.

पाटीवर भुलू नका. मी पाहिलेल्या चारांपैकी तीन साधे वृद्धाश्रमच होते, एकानं नुसती "मेमरी केअर" (स्मृतिभ्रंशाच्या माणसांची खास देखभाल) अशी पाटी वाढवली होती. काय वेगळं करता विचारलं तर म्हणाले, सीसीटीव्ही.

पैशांचं थोडक्यात: डायपर, फिजिओ, दवाखान्यात सोबत येणारा माणूस हे महिन्याच्या रकमेत धरलंय की वेगळं, ते कागदावर घ्या. कुठल्या अवस्थेत ते माणूस परत पाठवतील हेही घ्या: अंथरुणाला खिळला तर? नळीनं जेवण लागलं तर? हात उगारला तर? डिपॉझिट किती दिवसांत परत? आमचं डिपॉझिट मिलच्या थकबाकीतून भरलं. ती २०२३च्या डिसेंबरात, बत्तीस वर्षांनी मिळाली. नाना तेव्हा विचारत होते, हे पैसे कसले. वृद्धाश्रमांची माहिती हवी असेल तर सरकारची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

ठेवण्याआधी जमलं तर आठवडाभराची तात्पुरती सोय मागा. पहिल्या दिवशी वजन करून घ्या आणि दर महिन्याला विचारा, कारण जेवण भरवलं की नाही हे वजनच सांगतं. पाणी पिताना ठसका लागतो का, ते स्वतः पाजून बघा. आणि भेटायला जाल तेव्हा गप्पांआधी मोजे काढून टाचा बघा, नखं बघा, कानामागे बघा. मी गेल्या रविवारी गेले तेव्हा नखं कापलेली होती, चष्मा मात्र शेजारच्या काकांच्या नाकावर होता.