मोहरीकुळातली रानफुलं: फूल राहू दे, शेंग बघा

अधिकच्या चिन्हासारख्या मांडलेल्या चार पाकळ्या, आत सहा पुंकेसर, त्यांतले चार लांब आणि दोन आखूड. एवढं दिसलं की कूळ ठरलं. (पिवळ्या तिळवणीलाही चारच पाकळ्या असतात, पण त्या एका बाजूला कललेल्या आणि पुंकेसर सहापेक्षा बरेच जास्त.) खरी अडचण पुढे सुरू होते. या कुळातली फुलं एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात, त्यामुळे नुसत्या फुलाच्या फोटोवरून प्रजाती सांगणं हा अंदाजपंचे कारभार. फरक सापडतो तो आधी शेंगेत, मग खोडावरच्या पानाच्या बुडाशी आणि मग लवीत.

सोबत १० पट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पट्टी आणि एक सुई ठेवा. ज्या झाडावर फुलं आणि भरलेल्या शेंगा दोन्ही आहेत तेच झाड निवडा. फुलोरा वेडावाकडा सुजलेला आणि त्यावर पांढरे फोड दिसले, तर तो पांढरा तांबेरा. अशा झाडाची मापं निरुपयोगी.

पिवळ्या, मोठ्या फुलांची झाडं आधी शेंगेवरून वेगळी काढा. पिकलेली शेंग बोटांत दाबा. ती मण्यांच्या माळेसारखी आवळलेली असेल आणि उकलण्याऐवजी आडवी तुटत असेल, तर राफानस राफानिस्ट्रम, म्हणजे रानमुळा. त्याची निदलं (पाकळ्यांबाहेरची दलं) पाकळ्यांना चिकटून ताठ उभी असतात आणि पाकळ्यांवर गडद शिरा दिसतात. शेंग दोन झडपांनी (दोन बाजूंच्या सालींनी) उकलली तर झडपेवरच्या शिरा मोजा: ठळक शीर एकच असेल तर ब्रासिका हा गट, तीन किंवा जास्त असतील तर सिनापिस. कोवळ्या शेंगेत शिरा नीट उठत नाहीत, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

ब्रासिकात पुढे पान बघा. (इथून पुढे गटाचं नाव एकदाच, मग प्रजातीचं फक्त दुसरं नाव.) वरच्या पानाचं बूड खोडाला कवेत घेत असेल तर रापा किंवा नापुस. रापात उमललेली फुलं कळ्यांच्या वर चढलेली दिसतात. नापुसमध्ये कळ्या फुलांच्या बरोबरीने किंवा वर असतात. पान कवेत घेत नसेल आणि १ ते २ सेंमीच्या आखूड शेंगा खोडाला चिकटून उभ्या असतील तर निग्रा. शेंगा लांब आणि खोडापासून सुटलेल्या असतील तर जुन्सिया.

सिसिम्ब्रियम या गटात फुलोऱ्याचा शेंडा बाजूने बघायचा. कोवळ्या शेंगा उमललेल्या फुलांच्याही वर डोकावत असतील तर इरिओ. लोसेलीत त्या फुलांच्या खालीच राहतात, आणि खोडाच्या खालच्या भागावर मागे वळलेले राठ केस असतात. बहर ओसरल्यावर शेंडा लांबतो आणि ही खूण बाद होते. शेंग ५ सेंमीपेक्षा लांब आणि देठ जवळजवळ शेंगेइतकाच जाड असेल तर अल्टिसिमम किंवा ओरिएंटाले. वरच्या पानांचे दोऱ्यासारखे तुकडे पडले असतील तर पहिलं. वरचं पान अखंड किंवा भाल्याच्या पात्यासारखं असेल तर दुसरं.

सगळ्यात जास्त डोकं खाते ती कार्डामिनी या गटातली पांढरी, इवल्या फुलांची जोडी. हिरसुटाला बुडाशी पानांचा भरगच्च चक्राकार झुबका असतो, खोड जवळपास गुळगुळीत, त्यावर पानं मोजकी आणि पुंकेसर बहुधा चारच. फ्लेक्सुओसाचं खोड नागमोडी आणि खाली केसाळ, त्यावर पानं जास्त, झुबका विरळ, पुंकेसर सहा. मात्र एका फुलावर विसंबू नका: हिरसुटात कधी पाच-सहा पुंकेसरही निघतात आणि पाकळ्या चारपेक्षा कमी असू शकतात. किमान १० ताजी फुलं मोजा, तीही दोन-तीन झाडांवरची. पिकलेल्या शेंगेला बोट लागताच झडपा गुंडाळून बिया उडतात, म्हणून नमुन्यासाठी किंचित हिरवी शेंग घ्या.

याच आकाराचं पांढऱ्या फुलांचं झाड, पण पानं साधी आणि त्यांवर भिंगातून दुफाटे केस दिसले, तर ते अरॅबिडॉप्सिस थालियाना असण्याचा संभव मोठा. कार्डामिनीचे केस साधे, बिनफाट्याचे असतात. पाकळ्या मध्यापर्यंत चिरलेल्या, म्हणून आठ वाटणाऱ्या, आणि खोडावर पान नाही: ड्राबा व्हेर्ना. याला भिंगही लागत नाही.

ओल्या जागेतल्या रोरिप्पा या गटासाठी सुई काढा. शेंगेची एक झडप अलगद उचला; मधल्या पातळ पडद्यालगत बिया दिसतील. प्रत्येक कप्प्यात दोन ओळी आणि फुलाला पिवळ्या पाकळ्या असतील तर इंडिका. एकच ओळ, शेंग बारीक लांब आणि पाकळ्या बहुधा नाहीतच, तर डुबिया. शेंग आखूड, फुगीर, सेंटिमीटरभरही नसेल तर पालुस्ट्रिस.

फोटो काढताना बुडाची पानं, वरच्या पानाचा खोडाशी जोड, शेंड्याची बाजू, निदलं आणि पट्टीशेजारी शेंग, एवढं टिपा. फूल समोरून काढायचं असेल तर शेवटी काढा.