कॅराव्हॅनच्या बाथरूममधला पंखा दुरुस्त करताना

चिमूरहून कोलाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझे मोटार वायंडिंगचे आणि वाहनांच्या वायरिंगचे दुकान आहे. खरिपात बॅटरीवर चालणारे फवारणी पंप, रब्बीत सबमर्सिबल मोटारी आणि होळीनंतर कूलर, असे वर्षाचे काम ठरलेले असते. गेल्या काही हंगामांत त्यात एका नव्या गिऱ्हाइकाची भर पडली आहे. ताडोब्याचे गाभा क्षेत्र १ ऑक्टोबरला उघडते आणि ३० जूननंतर बंद होते. त्या नऊ महिन्यांत नागपूरकडून येणाऱ्या पर्यटकांमध्ये स्वयंपाकघर, झोपण्याची जागा आणि बाथरूम आतच असलेल्या गाड्या, म्हणजे कॅराव्हॅन किंवा आरव्ही, अधूनमधून दिसू लागल्या आहेत. या गाड्यांत सर्वांत लवकर कुरकुर करणारी वस्तू म्हणजे बाथरूमच्या छतातला एक्झॉस्ट पंखा. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन होऊन नुकताच धंद्यात उतरलेला मुलगा अशा पंख्यासमोर पहिल्यांदा उभा राहिला, तर त्याचे माझ्यासारखे हसे होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पहिली गाडी आली ती डिसेंबरातल्या एका सकाळी. चालक म्हणाला, "भाऊ, पंखा फिरून तर राहिला, पण हवा काहून फेकत नाही?" मी बटण दाबले. पाते हळूहळू, बैल थकल्यासारखे फिरत होते. मी त्या वेळेपर्यंत काही शे कूलर उघडले असल्यामुळे निदान तिथल्या तिथे करून टाकले की मोटार गेली. आतली प्लास्टिकची चौकट चार स्क्रू काढून उतरवली, जाळी सोडवली, पाते ओढून काढले, मोटार खाली आणली आणि दुकानातल्या बॅटरीला जोडली. ती भन्नाट फिरली. म्हणून बुशला (ज्यात मोटारीचा शाफ्ट फिरतो त्या नळीला) तेल देऊन पुन्हा बसवली, तर छतात ती पूर्वीइतकीच मरगळलेली. असे दोनदा केले. अडीच तास गेले, गाडीतली माणसे दुपारच्या सफारीसाठी घड्याळ पाहू लागली आणि मी मात्र नवी मोटार नागपूरहून मागवावी लागेल असे सांगण्याच्या बेतात होतो.

चूक कुठे होती ते सांगतो, कारण या कामातली निम्मी विद्या तिथेच आहे. मी मल्टिमीटर लावलाच नव्हता असे नाही. मोटार काढल्यावर छतातून आलेल्या दोन मोकळ्या तारांवर मीटर धरला होता आणि त्याने १२.५ व्होल्ट दाखवले होते. सप्लाय पूर्ण आहे, असे मी त्यावरून धरून चाललो. पण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. तारेच्या वाटेत कुठे गंजलेला सांधा असला, तरी करंटच वाहत नसल्यामुळे त्या सांध्यावर व्होल्टेज पडत नाही आणि मीटरला बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज दिसते. मोटार जोडली की दोनेक अँपिअर करंट वाहू लागतो. सांध्याचा रोध दोन ओहम असेल तर त्या दोन अँपिअरला चार व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. २३० व्होल्टच्या घरगुती लायनीत चार व्होल्ट कमी झालेले कोणाच्या लक्षातही येत नाहीत, पण १२ व्होल्टच्या गाडीत ती एक तृतीयांश चोरी असते. आपले आयटीआयचे बरेचसे प्रात्यक्षिक २३० आणि ४४० व्होल्टवर झालेले असते, त्यामुळे ही सवय हाताला नसते. झटका मशीनच्या (शेताच्या कुंपणाला झटका देणाऱ्या यंत्राच्या) बॅटरीवर किंवा फवारणी पंपावर काम केलेल्या मुलाला ती लवकर लागते.

त्या दिवशी शेवटी मी मोटार जोडून, पंखा चालू ठेवून, मोटारीच्या दोन टोकांवर मीटर धरला. आकडा ८.३ आला. त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर १२.४ होते. म्हणजे ४.१ व्होल्ट वाटेत हरवत होते. ते कोणत्या बाजूला हरवतात हे शोधायला मीटरची एक काडी मोटारीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी, लांब तार जोडून, थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली. पंखा चालू असताना तिथे ३.८ व्होल्ट दिसले. चांगल्या वायरिंगमध्ये या दोन बिंदूंमध्ये व्होल्टचा एखादा दशांश, फार तर दोन दशांश दिसावा. राहिलेले ०.३ पॉझिटिव्ह बाजूच्या तारेत आणि स्विचमध्ये होते, त्याबद्दल त्या दिवशी तक्रार करण्यासारखे काही नव्हते. दोष अर्थिंगचा, म्हणजे निगेटिव्ह बाजूच्या जोडणीचा होता.

कॅराव्हॅनचा डबा बहुतेकदा फायबरचा किंवा प्लायवुडवर पत्रा मढवलेला असतो, त्यामुळे मोटारसायकलीप्रमाणे जवळच्या लोखंडाला तार चिकटवून काम भागत नाही. निगेटिव्ह तार खाली आणून चेसिसच्या एखाद्या बोल्टला कसलेली असते. या गाडीत तो बोल्ट मागच्या चाकाच्या वर होता. चाकाने उडवलेला चिखल, त्यावर आपल्याकडची काळी माती, जी वाळली की सिमेंटसारखी धरते, आणि तिच्या आत हिरवट पडलेले थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला दाबलेली धातूची कडी. बोल्ट काढून थिंबल कापून टाकले, तार चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे सोलली, नवे थिंबल क्रिंपिंग पक्कडीने दाबले, चेसिसवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून काढला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट कसला आणि कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली. या सगळ्याला पंचवीस मिनिटे लागली. छतात जाऊन पंखा सुरू केला तर पात्याचा आवाजच बदललेला होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. बटण दाबून पंखा अजिबात फिरत नसेल तर आधी बाथरूमचा दिवा पाहतो. बऱ्याच गाड्यांत दिवा आणि पंखा एकाच फ्यूजवर असतात. दोन्ही बंद असतील तर छतात चढण्याचे कारणच नाही. फ्यूज उडालेला सापडला तर त्याच्या जागी त्याच अँपिअरचा, त्याच रंगाचा फ्यूज घालावा: पाचचा फिकट तपकिरी, साडेसातचा तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा. पाचचा टिकत नाही म्हणून पंधराचा घालणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. अडकलेली मोटार चालत्या मोटारीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि फ्यूज तो तोडू शकला नाही, तर छताच्या पोकळीत, थर्माकोलच्या शेजारी, तार तापते. फ्यूज ठीक असेल तर बोटाने पाते फिरवून पाहावे. सहज फिरले तर सप्लाय, स्विच आणि कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ठोकळे) यांच्याकडे जावे. जड फिरले तर मोटारीकडे.

काम सुरू करण्यापूर्वीची एक गोष्ट मात्र कधीही चुकवू नये. या गाड्या रिसॉर्टच्या आवारात उभ्या असताना बाहेरून २३० व्होल्टची केबल लावलेली असते आणि आत इन्व्हर्टरही असतो. पंखा १२ व्होल्टचा असला तरी त्याच छतातून त्या २३० व्होल्टचीही तार गेलेली असू शकते. केबल स्वतःच्या हाताने काढावी, इन्व्हर्टर बंद करावा, मगच स्क्रूड्रायव्हर वर न्यावा. दुसरे असे की तारांच्या रंगावर विश्वास ठेवू नये. आपल्या गाड्यांत काळी तार निगेटिव्ह असते, पण अमेरिकी बनावटीच्या आरव्हीत पांढरी निगेटिव्ह आणि काळी पॉझिटिव्ह असलेली सापडते. मीटरने पाहावे आणि चिकटपट्टीवर खूण करून तारेला गुंडाळावी.

खरोखरच मोटार बिघडलेली पुढच्या एप्रिलात मिळाली. वरचे झाकण बरेच दिवस अर्धवट उघडे राहिल्यामुळे कुंभारीण माशीने मोटारीच्या मागच्या भोकावर मातीचे घर बांधले होते. ते ओलसर फडक्याने काढले, तरी मोटार घरघरत होती. आत माती गेली होती आणि शाफ्ट बुशमध्ये कोरडा घासत होता. हे बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात, तेल पिऊन ठेवतात आणि शाफ्ट तापला की सोडतात. त्यात शिलाई मशीनचे पातळ तेल दोन थेंब द्यावे. गंज सोडवणारा स्प्रे मारला तर मोटार आठवडाभर छान चालते आणि मग पहिल्यापेक्षा वाईट होते, कारण तो जुने तेल धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो. खोबरेल तेलाविषयी तर बोलायलाच नको; डिसेंबरच्या थंडीत ते गोठते. कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, काळा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलका पुसावा. एमरी कापड वापरू नये, कारण त्याचे कण वीज वाहून नेऊ शकतात आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत बसतात. कार्बन झिजून स्प्रिंगपर्यंत आले असतील तर एवढ्या लहान मोटारीत वायंडिंग करत बसण्यात अर्थ नाही. नवी मोटार घेणे स्वस्त पडते.

नवी मोटार घ्यायची तर चार मापे वहीत लिहून मगच दुकानात जावे: व्होल्टेज, शाफ्टची जाडी, पात्यासाठी बाहेर राहणारी शाफ्टची लांबी आणि शाफ्ट एका बाजूने सपाट आहे की पूर्ण गोल. लहान पंख्यांचा शाफ्ट पुष्कळदा एक सुताचा, म्हणजे इंचाचा आठवा भाग असतो. तीन मिलिमीटरचा शाफ्ट दिसायला तसाच असतो, पण त्यावर पाते ढिले बसते आणि महिन्याभरात छिद्र मोठे करून टाकते. मी एकदा नजरेने माप घेतले होते. त्यानंतर खिशात व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेणारी पट्टी, ठेवू लागलो.

पाचवी गोष्ट फिरण्याच्या दिशेची. कूलरच्या मोटारीत दिशा बदलायची तर वायंडिंगची टोके बदलावी लागतात; कार्बनच्या डीसी मोटारीत नुसत्या दोन तारा उलट केल्या की ती उलट फिरते. हे सोपे असल्यामुळेच चूक होते. एप्रिलातल्या त्या गाडीत मी मोटार बसवली, पंखा जोरात फिरला, मी समाधानाने चौकट कसली. संध्याकाळी चालकाचा फोन आला की बाथरूममधला वास आता झोपण्याच्या खोलीत येतो आहे. पंखा बाहेरची हवा आत ढकलत होता. आता मी चौकट कसण्यापूर्वी पेटलेली उदबत्ती पंख्याखाली धरतो आणि धूर वर ओढला जातो की नाही ते पाहतो. हीच परीक्षा दार लावूनही करावी. दाराखाली फट नसेल आणि खिडक्या सगळ्या बंद असतील, तर आत येणारी हवाच नसल्यामुळे चांगला पंखाही नुसता आवाज करतो.

वासाच्या तक्रारीवरून आणखी एक सांगतो. या गाड्यांत शौचालयाखाली मैल्याची टाकी असते आणि फ्लश करताना तिची झडप उघडते. त्या क्षणी पंखा चालू असेल तर तो बाथरूममधली हवा ओढतो आणि तिची जागा टाकीतला वायू घेतो. अशा वेळी दुरुस्ती काहीच करायची नसते. फ्लश करताना पंखा बंद ठेवा, एवढेच गिऱ्हाइकाला सांगावे. ते ऐकून एका ताई म्हणाल्या, "एवढंच होतं तर दादा, आम्ही दोन वर्षं उगाच फिनेल ओतलं."

पाते आणि झाकण यांची गोष्ट थोडक्यात. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा छतावरचे प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते. पात्याला मध्यभागी तडा गेला असेल तर ते चिकटवू नये. तोल जातो, थरथर वाढते आणि बुश लवकर संपतो. तसेच दुपारी छतावर चढू नये, आणि चढल्यावर गुडघे सांगाड्याच्या पट्टीवरच ठेवावेत, मधला पत्रा दबतो. पंख्याची चौकट पूर्ण काढावी लागली तर जुने सीलंट मुळापासून खरवडून, खाली ब्यूटाइल पट्टी (पाणी अडवणारी रबरासारखी चिकट पट्टी) देऊन मगच ती बसवावी. जुन्या सिलिकॉनवर नवे काहीच धरत नाही आणि हे मृगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत कळत नाही. अमेरिकी आरव्हीत छताचे भोक साधारणपणे १४ इंच चौरस असते. इथे बांधलेल्या गाड्यांत ते काहीही असू शकते, म्हणून झाकण मागवण्यापूर्वी भोक मोजावे.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि नव्या मुलांना तो सर्वांत जड जातो. मोटार बदलली तर गिऱ्हाईक जुनी मोटार हातात घेऊन पाहते आणि पैसे देते. बोल्ट घासून दिला तर तेच म्हणते, "नुसती तारच तर कसली ना भाऊ." डिसेंबरातल्या त्या गाडीकडून मी मुकाट्याने शंभर रुपये घेतले होते, कारण तीन तासांपैकी अडीच तास माझ्याच चुकीचे होते. आता पावतीवर मी दोन ओळी लिहितो. वरच्या ओळीत दोष शोधण्याची मजुरी आणि खालच्या ओळीत सामान. शेजारी दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे, पंखा चालू असतानाचे व्होल्टेज लिहितो. ८.३ आणि १२.१ हे दोन आकडे शेजारीशेजारी पाहिल्यावर सहसा कोणी घासाघीस करत नाही.