बीप वाजते, पण वीज पोचत नाही

टाकीच्या पंपासाठी घरीच फेरिक क्लोराइडमध्ये एच केलेला (नको तिथलं तांबं विरघळवून तांब्याच्या रेघा, म्हणजे ट्रॅक, ठेवलेला) सर्किट बोर्ड. १२ व्होल्टचा अडॅप्टर, त्याचे ५ व्होल्ट करणारा ७८०५ रेग्युलेटर, पंप चालू-बंद करणारा ५ व्होल्टचा रिले (विजेवर चालणारा स्विच). एलईडी छान लागायचा, पण रिले खट् करून ओढला की सगळं रिसेट. अडॅप्टर बदलला, तरी तेच.

जोड सलग आहे हे सांगणारी मल्टिमीटरची बीप सगळीकडे वाजत होती. या बीपवर फार भिस्त ठेवू नये. मीटर अगदी थोडा करंट सोडतो, तो केसाएवढ्या संपर्कातूनही जातो. म्हणून लोड (इथे रिले) चालू ठेवूनच व्होल्टेज मोजलं (पंपाची २३० व्होल्टची वायर अर्थातच काढून). रिले ओढल्यावर ७८०५ च्या इनपुटला जेमतेम ६ व्होल्ट. त्याला किमान ७ तरी लागतात. मग मीटरचा लाल प्रोब थेट जॅकच्या (अडॅप्टरचा प्लग बसतो त्या सॉकेटच्या) पिनवर, काळा तिला जोडलेल्या शेजारच्या ट्रॅकवर. जोड नीट असेल तर इथे शून्याच्या आसपास दिसायला हवं. दिसले साडेपाच व्होल्टच्या वर!

भिंगातून पिनभोवती सोल्डरमध्ये बारीक गोल चीर दिसली. डीसी जॅकचे पाय चपटे, आपण ड्रिलने पाडतो ती भोकं गोल आणि मोठी. प्लग घालता-काढताना सगळा जोर सोल्डरवरच येतो. जुनं सोल्डर विकने (सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या जाळीदार पट्टीने) काढलं, पिन ब्लेडने खरवडली, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ती पेस्ट) लावून आधी पिन तापू दिली, मगच सोल्डरची तार टेकवली. तांब्याची कड उचलली गेली होती, म्हणून रेझिस्टरचा कापलेला पाय पिनपासून ट्रॅकवर आडवा सोल्डर केला.

आता पिन आणि ट्रॅकमधला फरक १० मिलिव्होल्टच्या आत. जॅकच्या बुडाला एपॉक्सीही लावलंय.