कार्गो ट्रेलरचा कॅम्पर: पत्र्याच्या डब्यात माणसं झोपवण्याआधी

इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे अमेरिकेतल्या आरव्ही (राहण्याची सोय असलेल्या गाड्या) आणि ट्रेलर बनवणाऱ्या कारखान्यांचं माहेरघर. आम्ही राहतो तिथून, म्हणजे दक्षिण मिशिगनमधून, ते फार लांब नाही. हायवेवर नवे कोरे पांढरे ट्रेलर रांगेने जाताना दिसायचे आणि बायको दर वेळी म्हणायची, "आपल्याला एवढासा पुरेल." तयार कॅम्परच्या, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या ट्रेलरच्या, किमती बघून आम्ही दोन उन्हाळे तंबूतच काढले. तिसऱ्या वर्षी रिकामा कार्गो ट्रेलर घेतला आणि घराच्या ड्राइव्हवेवर शनिवार-रविवार खपून त्याचा कॅम्पर केला. ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख, आमच्या चुकांसकट.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा डबा माल वाहायला बनवलेला असतो. त्यात कुणी रात्रभर श्वास घेणार आहे, सकाळी आतून दार उघडून बाहेर येणार आहे, हे बनवणाऱ्याच्या मनातही नसतं. यूट्यूबवर लोक पलंग आणि कपाटांवर तासभर बोलतात. खरं काम दार, हवा, ओल आणि वजन या चार गोष्टींचं आहे. ती झाली की पलंग कोणीही ठोकेल.

ट्रेलर निवडताना

दोन माणसांना ६ फूट रुंद आणि १२ फूट लांब ट्रेलर पुरतो. मुलं असतील तर ७ बाय १४ किंवा ७ बाय १६ बघा. पण रुंदी बाहेरची सांगतात, हे लक्षात ठेवा. ६ फुटी ट्रेलर आतून साधारण ५ फूट ८ ते १० इंच भरतो आणि फोम-प्लायवूड लागल्यावर आणखी कमी होतो. माझी उंची ५ फूट ७ इंच. आडवा झोपलो तर टाळू एका भिंतीला आणि तळवे दुसऱ्या भिंतीला टेकतात. म्हणून पलंग लांबीच्या दिशेनेच ठेवावा लागला.

उंचीत चिकटपणा करू नका. आतून ६ फूट ६ इंच उंचीचा मिळत असेल तर तोच घ्या, कारण जमीन आणि छत झाकताना दोन-तीन इंच जातातच. छप्पर एकसंध अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं असावं, कारण जिथे जोड तिथे गळती. भिंतींचे आणि छताचे लोखंडी खांब १६ इंचांवर आहेत की २४, हे विकणाऱ्याला विचारा. १६ इंचांवर असतील तर छताच्या पंख्याचं १४ इंची चौकोनी भोक दोन खांबांच्या मधे नेमकं बसतं. २४ इंचांवर असतील तर पंख्यासाठी वेगळी चौकट करावी लागते. मागे उतरता रॅम्प हवा की दोन पानी दार, हा आवडीचा प्रश्न. आम्ही दोन पानी घेतलं. ते उघडं ठेवून मागच्या बाजूला स्वयंपाक होतो.

जुना ट्रेलर घेत असाल तर पाऊस पडून गेल्यावर बघायला जा. आत शिरून दार लावून घ्या आणि उजेड कुठून येतो ते शोधा. जिथून उजेड येतो तिथून पाणीही येतं.

वजनाचा हिशेब

एका आसाच्या, म्हणजे चाकांची एकच जोडी असलेल्या, बऱ्याच ट्रेलरची एकूण वजनमर्यादा २,९९० पौंड, म्हणजे सुमारे १,३५६ किलो असते. हा विचित्र आकडा मुद्दाम ठरवलेला आहे. बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, म्हणून कारखाने दहा पौंड खाली थांबतात. आमचा रिकामा ट्रेलर सुमारे १,३०० पौंडांचा. म्हणजे हातात १,७०० पौंड उरले. ऐकायला भरपूर वाटतात. पण पाऊण इंची प्लायवूडचा एक ४ बाय ८ फुटी तक्ताच ६०-७० पौंडांचा असतो. ७ गॅलन पाण्याचा कॅन भरला की ५८ पौंड. फर्निचरसाठी जाड प्लायवूड वापरणारा माणूस ट्रेलर ओढायला निघतो तेव्हा रडतो. आम्ही भिंतींना पाव इंची प्लायवूड लावलं आणि कपाटांऐवजी कापडी खण टांगले.

वजन कुठे ठेवता हेही तितकंच महत्त्वाचं. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावरून हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, यायला हवा. ट्रेलर मागे जड झाला की हायवेवर शेपटीसारखा डोलायला लागतो आणि तो डोल ब्रेक दाबून थांबत नाही, उलट वाढतो. म्हणून बॅटरी, पाणी, हत्यारं आसाच्या पुढे ठेवा आणि हलकं सामान मागे. सगळं भरून झालं की ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर एकदा जा. ट्रकवाले आपल्याकडे बघतात, बघू द्या.

जमिनीवर आखणी

ट्रेलरला हात लावण्याआधी आम्ही गराजच्या फरशीवर मास्किंग टेपने त्याचा आकार आखला. आत पलंगाच्या जागी गादी, ओट्याच्या जागी खोकी. एक अख्खी संध्याकाळ त्या चौकटीत बसून काढली. एकाला बूट घालायचे असतील तर दुसऱ्याने पलंगावर चढायलाच हवं, हे तेव्हाच कळलं आणि ओटा फूटभर आखूड झाला.

भोकं आधी, भिंती नंतर

पंखा, खिडक्या, विजेचं बाहेरचं सॉकेट यांची भोकं सगळ्यात आधी पाडा. भिंतीत आणि छताच्या कडेने दिव्यांच्या तारा गेलेल्या असतात. आतली प्लायवूड काढून त्या कुठून जातात ते बघा, मगच करवत चालवा.

पद्धत अशी. रेघ मारायच्या जागी बाहेरून रुंद टेप चिकटवा. त्याने रेघ नीट दिसते आणि करवतीचा पाया पत्र्याला ओरखडे काढत नाही. चारही कोपऱ्यांत ड्रिलने भोक पाडा. त्यातून जिगसॉचं (विजेवर चालणाऱ्या छोट्या करवतीचं) धातू कापणारं बारीक दातांचं पातं घाला आणि घाई न करता कापा. तीन बाजू कापून झाल्या की आतला तुकडा टेपने धरून ठेवा, नाहीतर तो शेवटी निसटतो आणि चांगला पत्रा दुमडतो. कडा कानशीने घासा. लोखंडाचा कीस छपरावर पडला असेल तर त्याच दिवशी झाडून काढा, नाहीतर आठवड्यात त्या जागी तांबडे डाग उमटतात.

आता सील. ब्यूटिल टेप ही करड्या रंगाची, फार मळलेल्या कणकेसारखी चिवट पट्टी. पंख्याच्या चौकटीच्या खालच्या बाजूला ती सलग फिरवायची, कुठेही फट न ठेवता. चौकट जागेवर ठेवून स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसे. चारही बाजूंनी टेप दाबून बाहेर आली की काम बरोबर चाललं आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा. टेप रात्रीत बसते आणि प्रत्येक स्क्रू आणखी अर्धा फेरा घेतो. बाहेर आलेली टेप प्लास्टिकच्या सुरीने काढा आणि छपरावरच्या स्क्रूंवर आपोआप पसरणारं आरव्ही छपराचं सीलंट ओता.

पहिल्या खिडकीला मी साधं सिलिकॉन लावलं होतं. घरात होतं म्हणून. हिवाळा गेला, एका बाजूने ते सुटलं आणि गादीचा कोपरा भिजला. खरवडून काढायला अख्खा रविवार गेला. सिलिकॉनचा जरासा थर जरी राहिला तरी त्यावर दुसरं काही चिकटत नाही.

दार आतून उघडतं का?

मागची दोन पानी दारं बाहेरच्या लोखंडी दांड्यांनी बंद होतात. आतून त्यांना काहीच नसतं. बाजूच्या दरवाजाला आतून उघडणारं लॅच बहुतेक वेळा असतं, पण पुष्कळ ट्रेलरवर त्याच दाराला बाहेरून आडवी पट्टी आणि कुलपाची कडीही दिलेली असते. ती पट्टी कुणी नुसती गमतीने अडकवली तरी आतला माणूस कोंडला. आम्ही बाजूच्या दारावरची ती पट्टी आणि कडी काढून टाकली, भोकं बुजवली आणि आरव्हीच्या दाराचं कुलूप बसवलं.

दुसरी वाटही हवी. पलंगाशेजारची खिडकी माणूस बाहेर पडू शकेल एवढी आणि पूर्ण उघडणारी घ्या. बसवल्यावर दिवे बंद करून घरातल्या प्रत्येकाला एकदा तिथून बाहेर पडायला लावा. आमच्या मुलाला हा प्रकार इतका आवडला की तो आता दार वापरतच नाही.

थंडी आणि ओल

खांबांच्या मधे एक इंची एक्सपीएस फोमचे, म्हणजे निळ्या किंवा गुलाबी रंगाच्या कडक बोर्डाचे तुकडे कापून बसवा आणि फटी स्प्रे फोमने भरा. काचेची लोकर वापरू नका. ओलावली की ती सुकत नाही, खाली बसते.

एवढं करूनही आमच्या भिंतींवर पहिल्या थंड सकाळी दर १६ इंचांवर उभे ओलसर पट्टे उमटले. कारण खांब लोखंडाचे, बाहेरची थंडी सरळ आत आणतात. प्लायवूड लावण्याआधी खांबांवरून फोमचा आणखी एक पातळ थर आडवा गेला असता तर हे टळलं असतं. दोन माणसांच्या रात्रभराच्या श्वासातून निघणारी वाफ कुठेतरी जाणारच. त्यावर उपाय एकच: छताचा पंखा थंडीतही सर्वांत कमी वेगावर चालू आणि एक खिडकी बोटभर उघडी.

ट्रेलरच्या आत कुकर लावू नका. वरणभाताच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि छतावरून थेंब पडायला लागले. तेव्हापासून आमचा गॅस मागच्या उघड्या दारात, बाहेर असतो.

वीज

काय काय चालवणार याची यादी आधी करा. आमची अशी: छोटा १२ व्होल्टचा फ्रिज, दिवसाला साधारण ४०० वॉट-तास. पंखा ८०, दिवे ४०, फोन आणि लॅपटॉप १५०. बेरीज ६७०. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १,२८० वॉट-तास असतात. म्हणजे ऊन नसलं तरी जवळजवळ दोन दिवस निघतात. छपरावर २०० वॉटचं सोलर पॅनेल आहे, उघड्या जागी ते रोजचा खर्च भरून काढतं. दाट झाडीत त्याच्या भरवशावर राहू नका.

इंडक्शन शेगडीचा मोह टाळा. १,८०० वॉटची शेगडी वीस मिनिटं चालली की ६०० वॉट-तास गेले, म्हणजे अर्धी बॅटरी एका भातात.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात हवा. १२ व्होल्टवर करंट मोठा असतो, म्हणून तारा जाड घ्या. पत्र्यातून तार जिथे जाते तिथे रबरी कडं घाला, नाहीतर हादऱ्यांनी तारेचं आवरण कापलं जातं. ही बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायची नसते, म्हणून ती बाहेरच्या पेटीत न ठेवता आत ठेवा. वायरिंगची भीती वाटत असेल तर तयार पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग एकाच पेटीत, घ्या. महाग पडतं, पण पत्र्याच्या डब्यात आग लागण्यापेक्षा स्वस्त.

बाकीचं आत

पलंगाचा सांगाडा २ बाय ४ इंची लाकडाचा, खांबांना बोल्टने बांधलेला, खाली सामानाला जागा. जमिनीवर व्हिनाइल. पाण्यासाठी ७ गॅलनचा कॅन आणि दाबाचा छोटा पंप, सांडपाण्याला झाकणाची बादली. संडास पोर्टेबल, पलंगाखालून सरकवून बाहेर काढायचा. रात्री थंडीत झाडीत जायची सवय असेल तर तोही लागत नाही, पण बायकोचं मत वेगळं आहे आणि ते टिकलं.

गॅस आणि धूर

इथे काटकसर नको. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पलंगाजवळ, धुराचा अलार्म छताला, आणि प्रोपेन आत ठेवणार असाल तर त्याचा अलार्म जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. अग्निशामक दाराशी ठेवा, पलंगाच्या पलीकडे नाही. आत जळणारा छोटा गॅस हीटर झोपताना बंद म्हणजे बंद. रात्रभर ऊब हवी असेल तर हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर लावा, किंवा चांगली रजई घ्या. आम्ही रजईवाले.

रस्त्यावर

पहिल्या ५० मैलांनंतर थांबून चाकांचे नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा आवळा, नव्या ट्रेलरवर ते सैल होतात. ट्रेलरच्या पुष्कळ टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते. टायरच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, वाचा. पहिली रात्र घराजवळ काढा, पाईपने छपरावर अर्धा तास पाणी मारल्यानंतर.

आमचा पहिला मोठा प्रवास वरच्या मिशिगनचा, हायवाथाच्या जंगलात. वाटेत मॅकिनॉचा पूल लागतो, १९५७ साली खुला झालेला, सुमारे पाच मैलांचा. वारा फार वाढला की बंद ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना तिथे अडवून, पुलाच्या गाडीमागून ताशी २० मैलांनी सोडतात. आम्हाला थांबवलं तेव्हा मागची दारं उघडून बायकोने चहा टाकला आणि शेजारच्या ट्रकवाल्यालाही दिला. त्याने आत डोकावून विचारलं, किती दिवस लागले? मी म्हटलं, चार महिने, आणि सिलिकॉन खरवडण्याचा एक रविवार वेगळा.