कॅमेरा थोडा उशिरा घ्या

पाण्याखाली काढलेले माझे पहिले दोनशे फोटो मी कुणाला दाखवत नाही. सगळे निळे आहेत. निळा मासा, निळं प्रवाळ, निळी मैत्रीण. काहींमध्ये तर मासा निघून गेल्यावर उरलेली नुसती शेपटी. मी बरेच दिवस कॅमेऱ्याला नावं ठेवली. खरं कारण असं की आम्ही चौघांनी मिळून स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स केला आणि सहाव्याच डाइव्हला मी कॅमेरा घेऊन उतरले. तेव्हा मला एका जागी धड तरंगताही येत नव्हतं.

कोर्स अवघड नसतो. आधी तलावात सराव, मग समुद्रात साधारण चार डाइव्ह. मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकानं फुंकून काढायचं, ज्यातून टाकीतली हवा घेतो तो रेग्युलेटर तोंडातून सुटला तर शोधून परत लावायचा, जोडीदाराची हवा संपली तर आपली द्यायची. पास झालात की १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते. कान मात्र पहिल्या मीटरपासून सांभाळा. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, तेही दुखायला लागण्याआधी. दुखल्यावर जोर लावला तर कानाला इजा होते. सर्दी असेल तर त्या दिवशी बोटीवरच बसा. मित्र चिडवतील, चिडवू द्या.

कोर्समध्ये एक नियम कंटाळा येईपर्यंत घोकून घेतात: श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते, आणि तोंड बंद असेल तर ती फुप्फुसं फाडून वाट काढते. हे मला तोंडपाठ होतं. तरी कॅमेरा हातात आला आणि मी काय केलं? जमिनीवर फोटो काढताना हात हलू नये म्हणून आपण दम धरतो, तसाच तिथेही धरला. सवय इतकी मुरलेली असते की आपण ते करतोय हेच कळत नाही. वर त्याचा दुसरा तोटा असा की पाण्यात फुप्फुसं हाच आपला फुगा असतो. श्वास घेतला की वर, सोडला की खाली, आणि तेही दोन-तीन सेकंद उशिरानं. त्यामुळे भरल्या छातीनं दम धरला की नेम धरलेला मासा फ्रेमच्या खाली सरकतो, म्हणजे आपणच वर जात असतो.

म्हणून माझं म्हणणं, पहिल्या पंचवीसेक डाइव्ह रिकाम्या हातानं करा. हा आकडा कुठल्या नियमात नाही, माझ्या चुकांवरून काढलाय. त्या काळात वजनाचा हिशोब बसवा. नवखे लोक गरजेपेक्षा जास्त शिसं कमरेला बांधतात, मग ते तोलण्यासाठी बीसीडीत, म्हणजे अंगातल्या फुगवायच्या जाकिटात, हवा भरत राहतात आणि दर मीटरला वर-खाली हेलकावे खातात. हिशोब करताना हवेलाही वजन असतं हे धरा. २०० बारला (बार हे दाबाचं एकक) भरलेल्या १२ लिटरच्या टाकीत जवळजवळ तीन किलो हवा असते. डाइव्हच्या शेवटी त्यातली बरीचशी गेलेली असते, आणि नेमकं तेव्हाच, वर येताना, सुरक्षेसाठी ५ मीटरवर स्थिर थांबायचं असतं. वजन तपासायचं ते त्या वेळेच्या हिशोबानं.

तोल नसेल तर नुसता फोटो बिघडत नाही, रीफही, म्हणजे प्रवाळांची वसाहतही, बिघडते. मी एकदा मागे वळताना पायातल्या फिननं फांद्यांच्या प्रवाळाचं एक टोक मोडलं. मला कळलंही नाही, मित्रानं वर आल्यावर सांगितलं. फांद्यांची प्रवाळं तरी त्यातल्या त्यात भरभर वाढतात. गोलसर, दगडासारखी दिसणारी प्रवाळं वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. बेडकासारखी आडवी लाथ मारायला शिका, म्हणजे खालची वाळू उडत नाही. आणि आधारासाठी खडक धरू नका. स्टोनफिश अगदी खडकासारखाच दिसतो आणि त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात.

आता निळ्या रंगाबद्दल. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषतं. पाच-सहा मीटरवरच लाल गोष्ट मळकट तपकिरी दिसू लागते, आणखी खाली रक्तसुद्धा हिरवट दिसतं. नवखे विसरतात ते असं की हे आडव्या अंतरालाही लागू आहे. मासा तीन मीटर दूर असेल तर ते तीन मीटर पाणीही रंग खातंच. त्यामुळे पाण्याखाली झूम करण्यात अर्थ नाही. जवळ जा, म्हणजे हाताच्या अंतरावर. ते अंतरही फसवतं, कारण पाणी आणि मास्कमधली हवा यांच्यामुळे वस्तू पाऊणपट अंतरावर आणि एक तृतीयांश मोठी दिसते. जवळ पोचलो असं वाटतं तिथून आणखी पुढे जायचं असतं.

स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, नसेल तर उथळ पाण्यात राहा, सूर्य पाठीशी ठेवा, पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स लावा, म्हणजे पांढरं काय ते कॅमेऱ्याला दाखवा, आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, ठेवा. स्ट्रोब असेल तर तो कॅमेऱ्याला चिकटून ठेवू नका. पाण्यातले कण उजळतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. हात लांब करून स्ट्रोब बाजूला न्या. १९२६ मध्ये लाँगली आणि मार्टिन या दोघांनी पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो काढला तेव्हा पुरेशा उजेडासाठी वर तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागली होती. आपलं काम त्या मानानं फारच सोपं आहे.

हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची पाणी न शिरणारी पेटी, तिच्याबद्दल एकच किस्सा पुरे. मागच्या झाकणाच्या ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, माझा स्वतःचा एक केस राहिला होता. १२ मीटरवर काचेआड एक बुडबुडा हलताना दिसला आणि कॅमेरा गेला. तेव्हापासून केस बांधून, हात कोरडे करून, उजेडात रिंग बोटानं चाचपते. नवं हाउसिंग पहिल्यांदा कॅमेरा न घालता, आत टिश्यू ठेवून बुडवते. वर आल्यावर गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवते, नाहीतर बटणांत मीठ धरतं.

माशांच्या मागे धावू नका, शेपट्याच मिळतील. क्लीनर रास हे चिमुकले मासे जिथे मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातात, अशा जागा रीफवर ठरलेल्या असतात. तिथून थोडं दूर शांत थांबलं की गिऱ्हाइकं आपोआप येतात, तोंड उघडून रांग लावतात. मोरे ईल तोंड उघडझाप करते ती श्वासासाठी, तुम्हाला धमकावायला नव्हे. कुठलाही जीव असो, नेम डोळ्यावर धरायचा.

राहता राहिला जोडीदार. फोटो काढणाऱ्याइतका वाईट जोडीदार दुसरा नाही. १४ मीटरवर मला नखाएवढा न्युडिब्रँक, म्हणजे शंख नसलेली समुद्री गोगलगाय, सापडला आणि मी त्याच्यावरच खिळले. मान वर केली तर मैत्रीण नाही, माझं हवेचं गेज ६० बारवर. मिनिटभर शोधायचं आणि नाही सापडली तर वर जायचं, असं आमचं ठरलेलं होतं. मी तसं केलं. वर ती होती, आणि बोटीवर पोचेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मग आम्ही नियम केला: दोघींत एकच कॅमेरा. जिच्या हातात कॅमेरा ती पुढे, दुसरी हवा, वेळ आणि प्रवाह बघते. १०० बारला दोघींनी एकमेकींना आकडा दाखवायचा आणि वळायचं, समोर काहीही आलं तरी. फोटोंची खरी मजा ५ मीटरवरच्या तीन मिनिटांच्या थांब्यात येते. उजेड भरपूर असतो, घाई नसते, मित्र उलटेपालटे होऊन हसवतात. एकच सांभाळा, लागोपाठ डाइव्ह केल्या असतील तर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्या.

त्या दोनशे फोटोंपैकी एक मात्र मी नव्यानं शिकायला येणाऱ्यांना दाखवते. तो न्युडिब्रँक सापडला त्याच डाइव्हचा आहे. मैत्रीण माझ्याकडे बघत अंगठा वर करून उभी आहे. मला वाटलं ती म्हणतेय, छान चाललंय. मी फोटो काढला, बोटांचं वर्तुळ करून ‘ठीक’ अशी खूण केली आणि पुन्हा खाली वाकले. पाण्याखाली अंगठा वर याचा अर्थ एकच होतो: वर चल.